वाजवायचा राहिलेला निरोप

आमच्या गल्लीतल्या सिरिल हॉलरॉइडना छापखान्याने वाजवून निरोप दिला नव्हता. इकडच्या छापखान्यांत पद्धतच होती तशी. माणूस कायमचा निघाला की बाकीच्यांनी हातोडी, शिशाचे तुकडे, हाताला लागेल ते घेऊन लोखंडी टेबलं बडवायची, तो पुढच्या दाराबाहेर पडेपर्यंत. सिरिल त्या दिवशी मागच्या दाराने सटकले. वर्तमानपत्र संगणकावर गेलं होतं आणि छपाईसाठी शिशाच्या ओळी ओतणारं आपलं लायनोटाइप यंत्र त्यांनी भंगारातून मागून घेतलं होतं. यंत्र घरी येतंय, मग निरोप कसला?

यंत्र मोटारीच्या शेडमध्ये उभं राहिलं आणि मोटार पावसात. शनिवारी ते शिसं वितळवायचे. कळा दाबल्या की अक्षरांचे पितळी साचे खुळखुळत खाली येऊन ओळीत बसायचे आणि जरा वेळाने शिशाची गरम, सबंध ओळ बाहेर पडायची. गल्लीत मूल जन्मलं की त्याचं नाव ओतून मिळे. माझ्या दोन्ही मुलींची आहेत. सिरिलची बायको मेव्हिस मात्र शिशाच्या धास्तीने चहा शेडच्या दाराशीच ठेवायची, आणि शेडमधले कपडे घरातल्या कपड्यांत कधी धूत नसे.

नजर अधू झाली तसा सिरिलना घोर लागला, आपल्यामागे यंत्र चालवणार कोण? संग्रहालयातून एक बाई आल्या. यंत्र त्यांना हवंच होतं, पण लोकांसमोर उकळतं शिसं चालायचं नाही म्हणाल्या. ते थंडच राहील, दोरीमागे.

“म्हणजे पेंढा भरून,” सिरिल म्हणाले, आणि बाईंना फाटकापर्यंत पोचवून आले.

मेव्हिसने पुष्कळ समजावलं. आज थंड ठेवतील, उद्या कुणी पेटवेल. भंगारात गेलेलं कोण पेटवणार? सिरिल ऐकेनात. चालवणारा येईल म्हणून वाट पाहत राहिले. आले ते फोटो काढून गेले.

मग ते पडले, कंबर मोडली, आणि घर विकून मुलीकडे जायचं ठरलं. तेव्हा त्यांनी स्वतःच मेव्हिसला संग्रहालयात फोन करायला लावला. थंड तर थंड. पण बाईंना मधल्या काळात दुसरीकडून एक यंत्र मिळालं होतं. दोन ठेवायला जागा नव्हती.

भंगारवाले आले त्या सकाळी मी आल्याचा केक घेऊन गेले होते. अख्खं यंत्र उचलेना, म्हणून त्यांनी शेडमध्येच घण घातले. मेव्हिस खिडकी लावायला उठली.

“राहू दे,” सिरिल म्हणाले. थोडा वेळ ऐकत बसले. “माझी टोपी कुठंय?”

“आता कुठं निघालास? धड उभं राहता येत नाही.”

“पुढच्या दारापर्यंत.”

मेव्हिस त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने खुंटीवरची टोपी काढून त्यांच्या डोक्यावर नीट बसवली आणि काखेत हात घातला. घरातला बोळ तो केवढा, पण एकेक पाऊल टाकायला त्यांना वेळ लागत होता. मी पुढे होऊन दार उघडून धरलं.

ते उंबऱ्याशी पोचायच्या आतच घण थांबले.