फीत कापेपर्यंत

आमच्याकडं कुठलीही वस्तू फीत कापल्याशिवाय चालू होत नाही. गावात नवा नळ आला, पाणी आलं, तरी पाहुणे येईपर्यंत त्याला फडकं बांधून ठेवतात आणि बायका जुन्याच हातपंपावर रांग लावतात. हे मी लहानपणापासून बघत आले आणि हसत आले. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची सिस्टर झाले तेव्हाही हसतच होते. पाहुण्यांपुढं तबक धरायला कुणीतरी लागतं आणि ते काम नेहमी बाईमाणसाकडं येतं, म्हणून कात्री, कुंकू आणि पेढ्यांचं तबक घेऊन मी किती वेळा उभी राहिले ते आता आठवतही नाही. शेवटच्या वेळेनंतर मात्र हसू येणं बंद झालं.

आमच्या रुग्णालयात दर हिवाळ्यात परदेशातून एक पथक येतं. दोन सर्जन आणि भूल देणाऱ्या एक डॉक्टरबाई. स्वतःची रजा टाकून, स्वतःच्या तिकिटानं येतात आणि तीन दिवसांत जमतील तेवढ्या लेकरांचे फाटलेले ओठ आणि दुभंगलेली टाळू शिवून जातात. यंदा त्यांच्या ओळखीतल्या, मूळच्या आपल्याच भागातल्या काही लोकांनी तिकडून आम्हाला भूल देण्याची नवी मशीन पाठवली. पथक येण्याच्या आधी तीन आठवडे ती आली. इंजिनियर येऊन बसवून गेला, आम्हाला शिकवून गेला, मी स्वतः चालवून बघितली. काही म्हणजे काही कमी नव्हतं. आजवर आमच्याकडं मशीन एक, म्हणून टेबलही एकच चालायचं. आता दोन चालणार होती. जिल्ह्याहून आमचे भूलतज्ज्ञही तीन दिवसांसाठी येऊन राहिले.

आणि मग कळलं की उद्घाटनाला ज्यांना बोलावलंय त्यांना तिसऱ्या दिवशीच वेळ आहे.

दोन दिवस ती मशीन लाल फीत गुंडाळून भिंतीशी उभी होती. सर्जन दोन, भूल देणारे दोन, आणि टेबल एकच. दुसरे सर्जन कॉरिडॉरमध्ये बसून चहा पीत राहिले. पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला विचारलं, ही का बांधून ठेवलीय? मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की पाहुणे यायचेत. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. त्या हसल्या, आणि मीही त्यांच्याबरोबर हसले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

आता त्या मुलीबद्दल सांगते. परंड्याकडच्या एका वाडीवरची, पाच वर्षांची होत आलेली. घर मेंढपाळाचं. ओठ चांगला होता, त्यामुळं बघणाऱ्याला काही कळायचं नाही. तिची टाळू मात्र मधोमध उघडी होती. दूध प्यायली की नाकातून यायचं. बोलली की सगळे शब्द नाकातून निघायचे. तिच्या आईला सगळं कळायचं, मला निम्मं कळायचं आणि अंगणवाडीतल्या पोरांना नक्कल करण्यापुरतं कळायचं. येत्या जूनमध्ये तिला शाळेत घालायचं होतं. त्याच्या आधी टाळू शिवली गेली तर वाचा सुधारायला वाव होता, आणि जितका उशीर तितकं अवघड, हे सर्जननी तिच्या आईला नीट समजावून सांगितलेलं.

गेल्या वर्षी त्यांनी तिला परत पाठवलं होतं. अंगात रक्त कमी, वजन कमी. मी तेव्हा आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की वर्षभर हिला खायला घाल, गूळ-शेंगदाणे दे, पालेभाजी दे, लोहाचं औषध एक दिवससुद्धा चुकवू नकोस. सांगणं सोपं असतं. त्या लेकराला एक वाटी जेवण भरवायला तास लागायचा. उभं धरून, चमच्या-चमच्यानं, मधेच नाक पुसून. नवरा मेंढरं घेऊन रानोमाळ गेला तेव्हा बाई पहिल्यांदाच त्याच्या मागं गेली नाही, घरी राहिली. त्यावरून सासरच्यांची बोलणीही खाल्ली. यंदा रक्त तपासलं तर चांगलं भरलं होतं. कागद बघून मी तिला म्हणाले, “पास झालीस गं.” ती म्हणाली, “म्या न्हाय ताई, ती झाली.”

एकाच टेबलामुळं नंबर मागं पडत गेले, आणि तिसऱ्या दिवशी नव्या मशीनवर, दुसऱ्या टेबलावर, पहिला नंबर या मुलीचा आला. डॉक्टरबाईंची अट होती की टाळूचं काम दुपारी बाराच्या आत सुरू झालं पाहिजे. टाळूतून रक्त येऊ शकतं, रात्रभर लक्ष ठेवायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पथकाला निघायचं होतं. पाहुणे नऊला येणार होते. म्हणजे अकरापर्यंत येतील, आणि तरी आमचं जमेल, असा आमचा अंदाज. तेवढी वर्षं आम्हीही इथं काढली आहेत.

लेकरं आदल्या रात्रीपासून उपाशी होती. भूल देताना पोटात अन्न असलं तर ते उलटून फुप्फुसात जातं आणि जीव जातो, हे मी प्रत्येक आईला तीन-तीनदा सांगितलं. वॉर्डातल्या पिशव्या उघडून बघितल्या. एका आजोबांच्या खिशातनं बिस्किटाचा पुडा काढून घेतला, ते माझ्यावर चिडले. एका मावशीची केळी कपाटात कुलूपबंद केली. रडणाऱ्या पोरांना कडेवर घेऊन फिरवलं. ती मुलगी रडत नव्हती. तिच्या आईनंही रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं. मी रागावले तर म्हणाली, “लेकरानं खायचं न्हाय, तर म्या तरी कशी खाऊ?”

पाहुणे पावणेअकराला आले. आवारात मांडव घातला होता. शाल, श्रीफळ, फेटे. डॉक्टरबाईंनाही फेटा बांधला. ही माणसं एवढ्या लांबून कापायला-शिवायला आली होती आणि आम्ही त्यांना खुर्चीवर बसवून हार घालत होतो. मला त्यांचाही राग आला, खोटं कशाला बोलू. एकानं जरी उठून म्हटलं असतं की आमचे पेशंट उपाशी आहेत, तर कुणाची हिंमत होती अडवायची? पण तेही हसत बसले, कारण पाहुण्यानं यजमानाचा मान राखायचा असतो हे त्यांना कुणीतरी शिकवून आणलं होतं.

भाषणं झाल्यावर मंडळी मशीनकडं निघाली. मांडवातून सरळ थिएटरात, चपला-बुटांसकट. मी दारात आडवी उभी राहिले आणि मशीनच चाकांवर ढकलत बाहेर कॉरिडॉरमध्ये आणून ठेवली. त्या दिवशी माझं एवढंच चाललं, आणि तेवढ्यावर मी खूश होते. रुग्णालयाचे प्रमुख, आमचे डॉक्टरसाहेब म्हणाले, “सिस्टर, फोटोला एक पेशंट आणा. लहान मूल बघा एखादं.” त्या मुलीचा नंबर पहिला होता, अंगात नवा फ्रॉक होता आणि ती रडत नव्हती. मीच तिला आणलं. मागं तिची आई आली. दुसऱ्या हातात माझ्याकडं तबक होतंच.

फीत कापली, टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी तबकातला पेढा उचलला. मला वाटलं, डॉक्टरसाहेबांना भरवतील. पण पाहुणे खाली वाकले, मुलीच्या गालाला हात लावला आणि पेढा तिच्या ओठाशी नेला. तिनं आईकडं बघितलं. आईनं माझ्याकडं बघितलं. मी तबक धरून उभी होते. रात्रीपासून उपाशी लेकरू ते, त्यानं तोंड उघडलं आणि अर्धा पेढा आत गेला.

तरी तेव्हा झालं ते पटकन झालं, असं मी म्हणू शकले असते. पण फोटोग्राफर म्हणाला, “साहेब, परत एकदा, इकडं बघून.” पाहुण्यांनी उरलेला अर्धा पेढा पुन्हा वर केला आणि फोटोग्राफरकडं बघत तसाच धरून ठेवला. फोटोग्राफर दोन पावलं मागं गेला, कुणाला तरी बाजूला सरकवलं. तेवढ्या वेळात एक वाक्य बोलता येतं. “साहेब, तिचं ऑपरेशन आहे, तिला खायचं नाही.” संपलं. आजोबांच्या खिशातनं बिस्किटं काढणारी, चपला घालून येणाऱ्यांना दारात अडवणारी मी, माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. एवढ्या वर्षांत तबक धरून गप्प उभं राहायची सवय लागली होती, दुसरं काय. मुलीनं दुसरा घासही खाल्ला. पाहुणे आपले रुमालाला हात पुसून निघून गेले. त्यांना काही माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावं असं वाटलंही नव्हतं.

गर्दी पांगल्यावर आईनं माझा पदर धरला. “ताई, सांगू नका. लहानसाच हुता. त्यातला निम्मा नाकातनंच आलाय बगा.” खरंच मुलीच्या नाकाखाली पेढ्याचा पांढरट ओघळ आला होता. तिनं तो पदरानं पुसला आणि पदर मुठीत दाबून धरला.

हे मात्र मला लपवता येणार नव्हतं. मी मांडवात जाऊन डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून खुर्चीवर ठेवला. कुणी दिला, हे आधी विचारलं. मी सांगितल्यावर घड्याळात बघितलं. मग म्हणाल्या, आता सहा तास भूल नाही. म्हणजे संध्याकाळचे साडेपाच. म्हणजे नाही. त्यांनी यादीतल्या पहिल्या नावावर रेघ मारली आणि दुसऱ्या मुलाला आत घ्यायला सांगितलं. नवी मशीन उत्तम चालली. तिच्यात काहीच खोट नव्हती.

मी दिवसभर थिएटरात उभी राहिले. हात काम करत होते आणि डोक्यात संताप उकळत होता. पाहुण्यांचा, साहेबांचा, फोटोग्राफरचा, आणि सगळ्यात जास्त माझा. फुकट मिळालेल्या वस्तूची आम्ही पूजा करतो, आणि ती ज्यांच्यासाठी आली त्यांना तिच्याशेजारी फोटोला उभं करतो. लोक म्हणतात सिस्टर, होतं असं, सोडून द्या. का सोडून द्यावं?

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. माणूस वाईट नाही. ही मशीन बंदरातून सुटावी म्हणून त्यांनी महिनाभर कागद घेऊन खेटे घातले होते. पण खुर्चीतल्या माणसाला वरचा माणूस आधी दिसतो. म्हणाले, “सिस्टर, एक केस रद्द का झाली ते कळवावं लागेल. केसपेपरवर लिहा, नातेवाईकांनी खायला दिल्यामुळं शस्त्रक्रिया पुढं ढकलली.”

मी म्हणाले, “नातेवाईकांनी दिलं नाही. पाहुण्यांनी दिलं आणि मी बघत उभी होते. लिहायचं तर असं लिहीन.”

“बदली करून घ्यायचीय का?”

“मी ते लिहिणार नाही, साहेब.”

मग त्यांनीच लिहिलं. दाराशी ऐकत उभ्या असलेल्या आईला आत बोलावलं आणि कागद पुढं केला. बाई सातवी शिकलेली. ओळीखालून बोट फिरवत तिनं सगळं वाचलं. बोट ‘नातेवाईकांनी’वर थोडं थांबलं, पुढं गेलं. साहेबांनी पेन दिलं आणि तिनं सही केली.

मी तिच्या मागोमाग वॉर्डात गेले. माझा आवाज चढलेला होता. “अगं, वाचलंस ना काय लिहिलंय ते?”

“व्हय, वाचलं.”

“मग सही कशाला केलीस? मी तिथं भांडत होते ना तुझ्यासाठी.”

ती मुलीचा फ्रॉक उतरवून घडी घालत होती. तिनं वर बघितलंही नाही. “तुमची बदली झाल्यावर हितं आमाला कोण वळखतंय ताई? पुढल्या साली हिला कोण आत घेईल? माझं नाव लागलं तर लागू द्या, माझं काय जातंय.” मग घडी पिशवीत ठेवली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “तवा तुमी काय बोलला न्हाईत. आता बी बोलू नका.”

संध्याकाळी तरी आत घेतील म्हणून दिवसभर तशीच ठेवलेली भाकरी तिनं पिशवीतून काढली, दुधात कुस्करली आणि लेकराला मांडीवर उभं धरून चमच्यानं भरवायला बसली. मी तिथंच उभी होते. रात्रीपासून तिनंही काही खाल्लेलं नव्हतं.