टेबल तीनचं खातं

नणंदेच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं, पण त्या मंगळवारी सकाळी कुलूप लागलं ते वहिनीच्या खात्याला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर तिसऱ्यांदा तेच उमटलं होतं: पासवर्ड चुकीचा आहे.

"चुकीचा कसा असेल?" दातवाली म्हणाली. "चौदा वर्षं हाच आहे."

दातवाली हे अर्थातच तिचं नाव नव्हे. ती दात बनवायची म्हणून आधी दिरांनी चिडवायला म्हटलं, मग शेजारपाजाऱ्यांनी उचललं, आणि शेवटी तिचा नवराही फोनवर सांगायला लागला, "दातवाली घरात नाहीये, नंतर करा." दातांच्या डॉक्टरांसाठी कॅपा आणि पुढचे दात घडवणाऱ्या एका लॅबमध्ये ती कामाला होती. मोठ्या खिडकीची एक लांबट खोली, चार टेबलं, प्रत्येकावर दिवा, छोटी भट्टी आणि पापणीच्या केसाइतके बारीक कुंचले. डॉक्टर रुग्णाच्या दाताचं माप घेऊन डबीत पाठवायचे. त्यावरून साचा व्हायचा, साच्यावर कॅप. काम झालं की डबीतल्या चिठ्ठीवर टेबलाच्या नंबराचा शिक्का बसायचा. माणसाचं नाव कुठेही नसे. मालकांचं म्हणणं असं, की नाव लिहिलं की डॉक्टर नावाने माणसं मागतात, आणि मग माणसं सुट्ट्या मागतात.

नोकरीधंद्याच्या ओळखी जोडायची ती साइट आली तेव्हा मालकांनी तिथेही हाच कारभार चालवला. लॅबच्याच ईमेलवरून चार टेबलांची चार खाती काढली. आपल्या खात्याला "टेबल तीन, सिरॅमिक विभाग" हे नाव मात्र तिने स्वतःच्या हाताने टाइप केलं. फोटोच्या जागी स्वतः घडवलेल्या दाढेचा फोटो लावला. चेहरा कशाला हवा, काम दिसतंय ना! तेव्हा तिला तो विनय वाटला होता. आता विचाराल तर ती त्याला सरळ मूर्खपणा म्हणते.

त्या दाढेखाली चौदा वर्षांत अकरा डॉक्टरांनी शिफारशी लिहिल्या. "टेबल तीनची कॅप डोळे मिटून बसवावी." "रंग असा जुळवतात की रुग्णालाच खोटा दात सापडत नाही." चहाच्या सुट्टीत ती त्या गुपचूप वाचायची आणि कुणी आलं की फोन पालथा घालायची.

मग लॅबमध्ये कॅपा कोरणारं यंत्र आलं. मालक म्हणाले, "बाई, आता तुम्ही फक्त पॉलिश करा." तिने महिनाभर केलं. एकतिसाव्या दिवशी राजीनामा दिला, ॲप्रन आणि कपाटाची किल्ली परत केली आणि घरी आली. दातांच्या कॉलेजात मुख्य तंत्रज्ञाची जागा निघाली होती. शिकवायचं, आणि हाताने घडवायचंही. शनिवारी दुपारी बारापर्यंत अर्ज पोचायला हवा होता, आणि अर्जात त्या साइटवरच्या खात्याची लिंक द्यायची होती, शिफारशींसकट. तिच्याकडे मोठी पदवी नव्हती. जे काय होतं ते त्या अकरा शिफारशींत होतं.

तिने मालकांना फोन लावला.

"पासवर्ड बदललाय ना आपण," मालक अगदी गोड आवाजात म्हणाले. "खातं खुर्चीचं असतं, बाई. ॲप्रन परत केलात ना? तसंच हे. आता तिथे नवीन बाई बसतात."

"पण त्या शिफारशी माझ्या कामाच्या आहेत."

"त्यावर तुमचं नाव आहे का?"

नव्हतं. तिने फोन ठेवला. राग आला की ती भांडी घासते. त्या दिवशी तिने घासलेली भांडी पुन्हा घासली, आणि नणंद बिचारी ती पुसत राहिली. नणंद एका मोठ्या ऑफिसात माणसांची भरती करायची. अशी शेकडो खाती रोज तिच्या डोळ्यांखालून जायची.

"वन्सं, साइटवाल्यांकडे तक्रार केली तर?"

"ईमेल त्यांचा, नाव टेबलाचं, फोटो दाढेचा. दाताच्या कण्या केल्यात तरी कुणी ऐकणार नाही. नवीन खातं काढा, वहिनी."

"म्हणजे शून्यापासून?"

"हो. पण ते शून्य तरी तुमच्या नावावर असेल."

दातवालीने हात कोरडे केले आणि लॅपटॉप पुढे ओढला. नावाच्या चौकटीत तिने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. फोटोपाशी गाडी पुन्हा अडली. फोनमध्ये एक फार सुंदर सुळा होता, तो लावू का म्हणून तिने विचारलं.

"वहिनी, ते कॉलेज सुळ्याला पगार देणार आहे का?" नणंदेने तिला धरून खिडकीशी उभं केलं. चौदा फोटो बाद झाले. पंधराव्यात ती हसली नव्हती, पण कॅमेऱ्याकडे असं बघत होती की आता ही माघार घेणार नाही हे कुणालाही कळावं. तोच लावला.

अकराही डॉक्टरांना तिने रिक्वेस्ट पाठवली: मी टेबल तीनवर काम करत होते, आता माझं हे नवं खातं आहे, माझ्या नावाने चार ओळी लिहाल का? बुधवार कोरडा गेला. गुरुवारी सकाळी एकाचं उत्तर आलं. "आपण कोण?"

"बघ!" नवरा म्हणाला. "तुझी दाढ असती तर ओळखलं असतं." ती हसली नाही. त्याने लगेच स्कूटरची किल्ली पुढे केली. "जा, तूच जाऊन सांग कोण ते."

पहिला दवाखाना बंद होता. दुसऱ्या ठिकाणी काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "कुठला दात दुखतोय?" आणि दुखत नाही म्हटल्यावरही फॉर्म भरायला लावला. तिथले डॉक्टर भले होते. पण म्हणाले, "लॅबने कळवलं तर लिहीन. नाहीतर उद्या कुणीही येऊन म्हणेल मी टेबल तीन." त्यांचंही खोटं नव्हतं. जिना उतरताना तिचे डोळे भरून आले, ते तिने हेल्मेट घालून झाकले.

तिसरा दवाखाना खवट डॉक्टरांचा. हे नाव चारही टेबलांनी मिळून ठेवलेलं. चौदा वर्षं हा माणूस डब्या परत पाठवत होता. चिठ्ठीवर कॅपबद्दल दोन शब्द: "उंच आहे." ती खाली लिहायची, "माप पुन्हा घ्या." मग तिकडून, "माप बरोबर आहे." मग इकडून, "नाही." समोरासमोर दोघं कधी आले नव्हते, फोनवरही नाही. त्यांच्याकडून शिफारस मिळायची आशा तिने मुळात धरलीच नव्हती. जुन्या खात्यावर त्यांनी एकच ओळ लिहिली होती: "काम ठीक."

ती आत गेली तेव्हा डॉक्टर फोनवर लॅबला झापत होते. खुर्चीत रुग्ण तोंड उघडं टाकून बसलेला. डॉक्टरांनी फोन आपटला आणि तिच्याकडे वळले. "तुम्ही कोण? बाहेर बसा."

"मी टेबल तीनवर होते. चौदा वर्षं. गेल्या महिन्यापर्यंत."

"असं? हे बघा तुमचं टेबल तीन काय पाठवतंय!" त्यांनी साचा आणि कॅप तिच्यापुढे आदळली. "बसतच नाही. नवीन बाईला काही येत नाही."

इथे मान डोलावली असती तर सोपं गेलं असतं. नव्या बाईच्या माथी दोष मारायचा, आपली किंमत वाढवायची, शिफारस घेऊन घरी जायचं. तिच्या मनात ते आलंही. पण हात आधीच साच्याकडे गेला होता. तिने कॅप साच्यावर बसवली, काढली, उजेडात धरली, नखाने कड चाचपली.

"त्यांचं काम चोख आहे," ती म्हणाली. "कॅप साच्यावर बरोबर बसतेय. साच्यातच मागची कड जाड आलीय. माप काढताना ओढलं गेलंय. माप पुन्हा घ्या."

"माप मी स्वतः घेतलंय. बरोबर आहे."

"नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"असं होय! तुम्हीच का त्या," ते म्हणाले. रुग्णाने उघड्या तोंडाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. डॉक्टरांनी हातमोजे बदलले आणि माप पुन्हा घेतलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "नाव सांगा. पूर्ण."

शुक्रवारी संध्याकाळी नव्या खात्यावर पहिली शिफारस आली. तिच्या नावाने सुरुवात करून डॉक्टरांनी लिहिलं होतं: "या बाई चौदा वर्षं माझ्याशी भांडल्या. बहुतेक वेळा त्या बरोबर होत्या आणि मी त्यांचं नावही विचारलं नाही. काल समजलं, ज्यांनी त्यांची जागा घेतली त्यांचीही बाजू त्या घेतात. माझ्या रुग्णांच्या तोंडात त्यांचे तीनशे दात आहेत. खात्री करायची असेल तर कुणालाही हसायला सांगा."

नणंदेने ते मोठ्याने वाचलं, दोनदा. दातवालीने फोन पालथा घातला नाही. त्याच संध्याकाळी ती लिंक तिने अर्जात टाकली. अकरांच्या जागी एक. आणखी कुणाकडे जाऊ का, असं तिने कुणाला विचारलं नाही.

महिन्याभराने ती कॉलेजात रुजू झाली. मुलाखतीत त्यांनी तिला एक साचा दिला होता आणि तिने त्यातली चूक दाखवली होती, बाकी फारसं बोलणं झालंच नाही.

पहिल्या आठवड्यातच तिला त्या जुन्या खात्यावरून निरोप आला. लिहिणारी लॅबमधली नवी बाई होती. "ताई, खवट डॉक्टरांनी सांगितलं तुम्ही माझ्याबद्दल काय म्हणालात ते. माझ्याही कामाचं कौतुक इथे टेबलाच्या नावाने जमा होतंय. मी स्वतःच्या नावाने नवीन खातं काढू का? पण तिथे मला ओळखणार कोण?"

दातवालीने हातातला कुंचला खाली ठेवला आणि लिहिलं, "आजच काढ. आणि आधी मला तुझं नाव सांग. पहिली शिफारस मी लिहिते."