बाभळीचा गुटका

सोमवार, १४ जुलै २०२५. सकाळी ढगाळ. नळाला पाणी सव्वासहाला. शाळेची व्हॅन सात बेचाळीसला गेली. चार वाजता देवळाच्या ओट्यावर पालकांची बैठक. विषय एकच, जहिराला ठेवायचं की काढायचं.

जहिरा आमच्या गावातली पंधरा मुलं हमरस्त्याने नेवाशाच्या शाळेत नेते-आणते. माझी नात संस्कृती त्यांतलीच. सहा वर्षांपूर्वी रिकामी व्हॅन आणताना पुलाजवळ टायर फुटला. वेग ऐंशी, म्हणजे पाटीवरच्या मर्यादेतच. गाडी गिरक्या घेत कठड्याला टेकली. दुसऱ्या दिवशी तिच्या सासऱ्यांनी, पीरमहंमद सुतारांनी, बाभळीचा गुटका, म्हणजे लाकडी ठोकळा, तासून ॲक्सिलरेटरखाली ठोकला, पेडल पुरतं दाबताच येऊ नये म्हणून. तेव्हापासून व्हॅन पन्नासच्या वर गेलेली नाही.

यंदा शाळा आठला फाटक लावते. गेल्या आठवड्यात व्हॅन उशिरा पोचली आणि मुलं दोनदा बाहेर उभी राहिली.

खताच्या दुकानाचे वाल्मिक तावातावाने बोलत होते. "भाभी, गुटका काढा. बैलगाडी हाय का ती? हळू गाडीलाच मागनं ट्रक ठोकतो."

"म्हणून तर डावी कड सोडत न्हाई."

"अहो, सरकारनंच ऐंशी लिहिलंय!"

"सरकार बसतंय का माझ्या व्हॅनमधी? टायर फुटला तवा पाटी जागची हालली न्हाई, भाऊ. मी हालले."

लोक हसले. वाल्मिक चिडले. "मग दुसरा ड्रायव्हर बघू!"

"बघा. गुटका मी न्हाई काढायची. रोटी गेली तरी न्हाई."

मी वही नेली होती. उठून वाचलं: आमच्या फाट्यावर पाटी लागण्याआधीच्या दोन वर्षांत बारा अपघात, नंतरच्या दोन वर्षांत अकरा. जहिराच्या व्हॅनला गुटका बसल्यापासून एकही नाही.

"काकू, तुमच्या वहीनं फाटक उघडत न्हाई," वाल्मिक म्हणाले.

"फाटकाला माझ्याकडं इलाज हाय," जहिरा म्हणाली. "उद्यापासनं पंधरा मिनिटं आधी निघणार. पोरं उठवायचं काम तुमचं. ज्याला झोप प्यारी, त्यानं आपलं पोरगं आपल्या फटफटीवर न्यावं."

वाल्मिकांनी आपली दोन्ही मुलं काढून घेतली, आणखी दोघांनी एकेक. उरली अकरा. जहिराने त्यांची नावं तिथेच मोठ्याने वाचून दाखवली. संस्कृतीचं पहिलं होतं.

संध्याकाळी मटकी भिजत घातली. गजर सहाचा काढून पावणेसहाला लावला.