बॉनेटवरचा डाग

व्यापारी ही जमात मला डोळ्यांसमोर नको असते. मी निफाडला द्राक्षवाल्यांच्या घरात दिलेली. इतकी वर्षं बघतेय, व्यापारी बागेत शिरतो तोच मुळी तोंड वाकडं करून. सगळी बाग चांगली असली तरी डाग पडलेला एक घड शोधून नाकासमोर धरणार आणि भाव पाडणार. घेता दिवाळी, देता शिमगा! त्यामुळे दादा जेव्हा म्हणाला, की आपली पत्र्याची मोटार भद्रकालीतल्या जुन्या खेळण्यांच्या व्यापाऱ्याला विकायची आहे, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झाला, नाशिकरोडला राहतो. आमच्या घरात सगळ्यांचाच राग नाकाच्या शेंड्यावर, पण दादा सगळ्यांवर कडी. रिक्षावाला, दूधवाला, टीव्हीवर बातम्या देणारा, कुणाशीही भांडायचा. वहिनी हसून म्हणायची, "तिकडचा बॉयलर थंड होईल, आमचा काही व्हायचा नाही." ती गेली आणि दादाचा आवाजच बसला. आमटीत मीठ नसलं तरी निमूट जेवायचा. मग एकेक वस्तू वाटायला लागला. वहिनीचं शिलाई मशीन गेलं, साड्या गेल्या, गॅलरीतल्या कुंड्यासुद्धा गेल्या. काही विचारलं की म्हणायचा, "मला काय करायचंय आता?" मला लय भीती वाटायची. वस्तू संपल्यावर हा काय करेल, हा विचार मनात आला की घास उतरायचा नाही.

त्या मोटारीबद्दलही सांगायला हवं. निळी, वीतभर लांब, चावी दिली की घर्र करत पळणारी. दादा लहान असताना वडिलांनी मुंबईहून आणलेली. दसऱ्याला वडील सायकलची पूजा करायचे तेव्हा दादा हटून बसायचा, माझ्या गाडीचीपण करा. मग तिच्याही बॉनेटवर ओलं कुंकू, वर झेंडूचं फूल. पुढे वडील गेले, सायकलच्या जागी स्कूटर आली, तिच्या जागी कार आली, पण पत्र्याच्या मोटारीचं कुंकू काही चुकलं नाही. लग्न होऊन आल्यावर ते काम वहिनीनं आपल्याकडे घेतलं होतं.

जायच्या आदल्या दिवशी मी गुपचूप त्या व्यापाऱ्याला फोन लावला. म्हटलं, भाऊ, माझा भाऊ गाडी घेऊन येईल, त्याला सांगा हिची काही किंमत येत नाही, घरी न्या. तो माणूस फोनवरच गुरकावला. "ताई, चढवून सांगायचा नाही, पाडूनही सांगायचा नाही. भाव मी वस्तू बघून सांगतो. तुम्ही या, चहा घ्या, पण असलं काही सांगू नका." आणि ठेवला की फोन! म्हटलं, बघ मेल्याचा तोरा.

दुकान मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावर, अरुंद जिना चढून. आत काचेच्या कपाटांत पत्र्याची विमानं, आगगाड्या, ढोल बडवणारं माकड. माणूस पन्नाशीचा, पोट सुटलेला, बोलण्यात अजिबात गोडवा नाही. दादानं पिशवीतून गाडी काढून टेबलावर ठेवली. तो हात लावायच्या आधी नुसता बघत राहिला. मग हात पुसले, गाडी उचलली आणि उताणी केली.

"तोंड नंतर बघायचं, आधी पोट," तो म्हणाला. पत्र्याच्या बारीक जिभा खाचेतून काढून वाकवलेल्या असतात, त्यांवर गाडीचे दोन भाग धरलेले असतात. त्यानं भिंगातून एकेक जीभ तपासली. "एकदाच वाकवल्यात. कुणी उघडलेली नाही. उघडून परत वाकवली की तिथं चीर पडते, मग भाव गेला." नंतर रंग. हा रंग ब्रशनं दिलेला नाही, सपाट पत्र्यावर छापून मग पत्रा वाकवलाय, हे त्यानं आम्हाला कोपऱ्यावर दाखवलं. लोक दिवाळीच्या साफसफाईत चिंच लावून अशी खेळणी घासतात नाहीतर ऑइलपेंट मारून आणतात, हे सांगताना तो जवळजवळ रडकुंडीला आला. मग चावी दिली, गाडी कानाशी धरली आणि डोळे मिटून ऐकत बसला. शितावरून भाताची परीक्षा करणारे मी खूप पाहिलेत. हा गडी शीत न् शीत तपासत होता. माझा राग कधी उतरला, मलाच कळलं नाही.

"खोकं आहे?" त्यानं विचारलं.

"त्यात आई तीळ ठेवायची," दादा म्हणाला.

"अरेरे! खोकं असतं तर गाडीइतकाच भाव खोक्याचा."

"रिकाम्या खोक्याचा?" मी ओरडलेच. आमच्याकडे द्राक्षाच्या पेटीचे पैसे व्यापारी आमच्याकडूनच कापतो!

"ताई, गाडी पोरं सांभाळतात. खोकं कुणी सांभाळत नाही. जे कुणी सांभाळत नाही ते महाग."

मग त्यानं सरळ सांगितलं, मी ही अठ्ठावीस हजाराला विकू शकलो असतो, तुम्हाला वीस दिले असते, मधले माझे. घ्यायचा आणि विकायचा, दोन्ही भाव गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगणारा व्यापारी मी जन्मात पाहिला नव्हता. पण त्याचं ते 'असतो' आणि 'असते' माझ्या कानाला लागलं. दादानं नुसती मान हलवली.

"पण वीस देता येणार नाहीत," तो म्हणाला. "बॉनेटवर डाग आहे. आधी गंज वाटला, पण गंज नाही." भिंग अगदी टेकवून तो बराच वेळ बघत राहिला. "कुंकू आहे. खाली जुना पसरट थर, आणि त्यावर एक बोट स्पष्ट उमटलंय. रेषासुद्धा दिसतात. बारीक बोट आहे, बाईमाणसाचं. काढायला गेलो तर रंग निघून येईल. या डागामुळे भाव निम्मा. दहा देतो."

दादानं हात पुढे करून भिंग घेतलं. वाकला, बघितलं, आणि वाकलेलाच राहिला. माझ्या डोळ्यांपुढे वहिनीचा हात आला, बांगड्या मागे सारून, करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवणारा.

आणि मग इतक्या महिन्यांनी मी तो आवाज ऐकला.

"डाग? डाग कुणाला म्हणता हो?" दादा असा गरजला की खालचा मोबाईलवाला जिन्यात येऊन बघायला लागला. "आमची आई सोन्याच्या दागिन्याला डाग म्हणायची! अंगावर चार डाग असावेत म्हणायची! तसला डाग आहे हा! निम्मा भाव म्हणे! तुमचं अख्खं दुकान विकलंत तरी यायचा नाही हा!"

मी रडत होते की हसत होते, देव जाणे. म्हटलं, भांड रे दादा, आणखी भांड.

व्यापारी जागचा हलला नाही. "साहेब, बाजारात त्याला डागच म्हणतात," तो म्हणाला. "मी बाजारातला भाव सांगितला. तुमच्या घरातला मला कसा ठाऊक असणार?" मग त्यानं ड्रॉवरमधून मऊ मलमलचं फडकं काढलं, गाडी त्यात गुंडाळून दादाच्या हातात दिली. "ओल्या हातानं पुसू नका. आणि बॉनेटला तर फडकंही लावू नका." तपासल्याचे पैसे विचारले तर माझ्यावरच डाफरला. असा कडू माणूस आणि असा खरा! आता आमच्या बागेत व्यापारी आला की मी त्याला या माणसाची गोष्ट ऐकवते. त्यानं काही फरक पडत नाही, पण मला बरं वाटतं.

शालिमार चौकापासून घरापर्यंत दादा रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडला. मी मध्ये पडले नाही.

दसऱ्याला सकाळीच त्याचा फोन आला. "काय गं, कुंकू कुठल्या बोटानं लावायचं असतं?" मी सांगितलं. दुपारी सोनं द्यायला गेले तर मोटार देवासमोर पाटावर, वर झेंडूचं फूल. बॉनेटवर वहिनीचं बोट होतं तसंच होतं. दादानं कुंकू त्यावर लावलं नव्हतं. बाजूला जागा सोडून, शेजारी लावलं होतं.