नेहमी याच प्रोग्रॅमने उघडा

घरात, बिल्डिंगमध्ये, अगदी भाजीवाल्याकडेसुद्धा माझ्या नवऱ्याला सगळे सर म्हणतात. मीही म्हणते, चिडले की जरा जास्तच. घाटकोपरला आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत संध्याकाळी दहावीच्या गणिताचा क्लास, आतल्या खोलीत मी आणि स्वयंपाक, मध्ये एक पडदा. एखादं अवघड गणित घातलं आणि पोरं डोकं खाजवायला लागली की सर पडद्याकडे तोंड करून ओरडायचे, "गो, वायच च्या ठेव!" शिकवणार शुद्ध मराठीत, बायकोला चहाची हाक मात्र मालवणीत. पोरं फिदीफिदी हसायची. "ठेवलाय, ठेवलाय! जरा दम धरा!" मी आतून. ऑफिसातून आल्या आल्या ती हाक ऐकली की असा संताप यायचा म्हणून सांगू!

मग सरांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज जाईल. घरी येऊन मी रडले. सरांनी लॅपटॉप उघडला. ऑपरेशनच्या आधी रोज दुपारी एकटेच बसून त्यांनी अख्ख्या पोर्शनची प्रेझेंटेशन्स केली, धड्याला एक फाइल, आणि स्लाइडवर स्वतःचा आवाज भरला. मी तेव्हा अंधेरीला ऑफिसात. संध्याकाळी त्यांचा बसलेला घसा ऐकून मी ओरडले, "अहो, आराम द्या ना जरा त्याला!"

"नंतर आरामच आहे," ते म्हणाले. सगळ्या फाइली त्यांनी इंटरनेटवर चढवून ठेवल्या.

ऑपरेशन झालं, जीव वाचला. आता सर पाटीवर लिहून बोलतात. हॉस्पिटलात नळीतून जेवताना, घरी उठायची ताकद नसताना, माणूस तगला तो एकाच गोष्टीवर. क्लास परत सुरू करायचा. मध्यंतरी जुन्या लॅपटॉपने मान टाकली, तर आम्ही स्टेशनजवळच्या दुकानातून दुसरा घेतला. फाइली वर सुखरूप होत्या, काळजी कसली?

क्लासचा पहिला दिवस. पोरं चटईवर बसलेली, लॅपटॉप टीव्हीला जोडलेला. सरांनी फाइलवर क्लिक केलं, ती ब्राउझरमध्येच उघडली. स्लाइड आली, अक्षरं आली, आकृती आली. आवाज नाही. सरांनी पुढची स्लाइड घेतली, टीव्हीचा आवाज वाढवला, पुन्हा मागे गेले. काही नाही. एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, आवाज येत नाहीये." सरांनी पाटी उचलली, लिहिलं, "घरी जा." पोरं गेल्यावर ती पुसून मला लिहून दाखवलं, "क्लास बंद. कायमचा." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

माझं डोकंच फिरलं. लॅपटॉप उचलून तडक दुकानात गेले. दुकानदाराने दोन बटणं दाबली. "मॅडम, आवाज अपलोडच झाला नसणार. गेला तो. परत रेकॉर्ड करा ना, त्यात काय!"

"परत करायला गळा कुठून आणू?" मी म्हटलं. मी लॅपटॉप बंद करून बाहेर पडले. गेला म्हणे! असा कसा जाईल?

रविवारी दुपारी ओढणी कमरेला खोचली आणि बसले. स्लाइड नीट बघितली तर कोपऱ्यात भोंग्याचं एवढंसं चित्र. पुढच्या स्लाइडवरही तेच. म्हणजे आवाज आहे! ब्राउझर नुसता फाइलचा फोटो दाखवतोय. आमच्या ऑफिसातली चलनं अशीच ब्राउझरमध्ये अर्धवट उघडतात, ती डाउनलोड करून त्यांच्या प्रोग्रॅमने उघडावी लागतात. केली डाउनलोड. डबल क्लिक केलं, तर पुन्हा ब्राउझरच! "मेल्या, तुला कोणी बोलावलं?" मी लॅपटॉपला म्हटलं. भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाची पाठ हलली, पण वळला नाही.

मग ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शिरले. तिथे कोणीतरी एक जोडणी, म्हणजे एक्स्टेन्शन, घालून ठेवली होती, असली फाइल दिसली की स्वतःच उघडणारी. ती काढून टाकली. तरीही तेच. हट्टाला पेटले मी. फाइलवर राइट क्लिक, ओपन विथ, खाली सगळ्या प्रोग्रॅमची रांग. त्यात प्रेझेंटेशनचा प्रोग्रॅम निमूट बसलेला. त्याला निवडलं. खाली एक चौकोन होता, नेहमी याच प्रोग्रॅमने उघडा. त्यात टिक केली आणि देवाचं नाव घेऊन क्लिक केलं.

"भिंतीला टेकलेल्यांनी सरळ बसा. मोबाइल आत."

खोलीत सरांचा आवाज! सर उठून बसले होते, तोंड उघडं, डोळे भरलेले. मी पटकन फाइल बंद केली. "पुढचं उद्या क्लासमध्ये," मी म्हटलं, "फुकट नाही ऐकवणार." त्यांनी पाटी ओढली. "पोरांना मेसेज टाक."

सोमवारी पोरं आली. मी आत भेंडी चिरत होते. बाहेर सरांचा आवाज शिकवत होता, आणि सर टीव्हीजवळ उभे राहून काठीने दाखवत होते. अवघड गणित आलं. आवाज म्हणाला, "आता तुम्ही करा." शांतता. आणि मग, "गो, वायच च्या ठेव!"

"ठेवलाय, ठेवलाय! जरा दम धरा!" माझ्या तोंडून गेलंसुद्धा.

पोरं फिदीफिदी हसली. सुरी माझ्या हातातच राहिली. ही हाक भरली तेव्हा मी अंधेरीला होते. घरात कोणी नव्हतं.

रेकॉर्डिंगमध्ये हाकेनंतर थोडी जागा मोकळी सोडलेली होती, माझं उत्तर मावेल एवढीच. मग सरांचा आवाज पुढे म्हणाला, "ठेवलाय म्हणते, पण ठेवलेला नसणार. चला, पुढची पायरी."

मी पडदा सारला. सर पोरांकडे नाही, माझ्याकडे बघत होते. खरंच ठेवला नव्हता चहा. मी आत जाऊन गॅस पेटवला.