चिलखतातलं भोक

संग्रहालयातल्या जुन्या चिलखताची हुबेहूब प्रत करायचं काम माझ्याकडे आहे. एका कडीत चार कड्या ओवायच्या आणि प्रत्येकीचं तोंड बारीक खिळ्याने ठोकून बंद करायचं. पकड धरून धरून बोटांच्या टोकांना आता काही लागत नाही. बरंच आहे म्हणा.

परवा भिंग लावून मूळ चिलखताची डावी बाजू बघत होते. काखेखाली तळहाताएवढ्या जागेत कड्या वेगळ्याच दिसल्या. तार जाड, काम घाईचं. तिथे फाटलं होतं आणि कुणीतरी सांधलं होतं. म्हणजे घालणारा त्या वेळी लढाईतून परत आला होता. माणूस परत आल्याशिवाय कोण कशाला सांधत बसेल?

त्याच्या चार बोटं खाली एक भोक आहे. ते कुणी सांधलेलं नाही.

माझ्या प्रतीत मात्र मी ते भरून टाकलं, हाताच्या सवयीने. आज संग्रहालयाचे साहेब बघायला आले आणि म्हणाले, "बाई, हे काय केलंत? मुळात आहे तसंच हवं."

"चुकलं," म्हटलं, आणि एकेक कडी कापून काढली. काही वाटलं नाही.

घरी दारामागच्या खुंटीवर यांचा निळा शर्ट आहे. "बटण तुटलंय, लावून ठेव गं, सोमवारी घालायचाय," म्हणाले होते. यांना जाऊन वर्ष होत आलं. बटण खिडकीतल्या वाटीत आहे. शेजारी सुई आहे, दोरा ओवलेली.