अर्धाच ऐकलेला वीर
गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास आला की मला मेडशीचं कबड्डीचं मैदान आठवतं. उपांत्य सामना माझ्या चढायांवर जिंकलो होतो, पण जिंकून देणाऱ्याला बांधायचा फेटा सरपंचांनी आपल्या पुतण्याला, म्हणजे आमच्या कप्तानाला बांधला. त्याच आठवड्यात वाशीमच्या कॉलेजात सर ग्रीक महाकाव्यातला वीर शिकवत होते. राजाने त्याचं बक्षीस हिसकावलं तेव्हा तो लढाई सोडून तंबूत बसला आणि आपलीच माणसं मरू दिली. एवढं ऐकून मी चारची एसटी धरायला तासातून उठून आलो. अंतिम सामन्याला मी कपडे न बदलता निंबाखाली बसून राहिलो. कप्तान आला. "चाल ना बे, काहून रुसून राह्यला?" "फेटा तुले बांधला ना? मंग तूच खेळ." माझ्या जागी माझा जिवलग मित्र चढाईला गेला, त्याचा गुडघा मोडला, आम्ही हरलो, कप्तान रडला, आणि खरं सांगतो, मला ते रडणं गोड लागलं. उरलेली गोष्ट मी परीक्षेच्या वेळी वाचली. त्याच्या जागी लढायला गेलेला त्याचा मित्र मेल्यावर तो वीर उठतो, मारणाऱ्या वैऱ्याला मारून सूड घेतो, आणि शेवटी वैऱ्याच्या म्हाताऱ्या बापासोबत रडून त्याला पोराचं प्रेत परत देतो. आज कप्तानाच्या मुलीचं लग्न. मित्र गुडघ्याला मलम चोळत म्हणाला, "चाल, तो सोताच्या हातानं तुले फेटा बांधतो म्हणते." "मले नाई पायजे." तो एकटाच लंगडत गेला. मी अजून निंबाखालीच बसलोय.